पत्रात नुसतं केशरी लिहिलं होतं

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली तेव्हा सासरच्यांनी, माहेरच्यांनी आणि शेजारपाजारच्यांनी मला एकच सल्ला दिला: तू लेकीला घेऊन मिरजेतच राहा. पंजाबात तेव्हा रोज माणसं मारली जात होती. बसमधून उतरवून, भर बाजारात, घराच्या दारात. सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर तेच. पण मला कुणी 'राहा' म्हटलं की मी निघते आणि 'जा' म्हटलं की बसून राहते, हा माझा लहानपणापासूनचा दोष. मी निघाले.

नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर होता. क्वार्टर मिळालं ते मोहालीला लागून असलेल्या एका सेक्टरमध्ये. सरळ रस्ते, विटांची एकसारखी घरं, चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे बसलेले जवान. लेक चार वर्षांची होती. तीन महिन्यांत ती हिंदीतून बोलायला लागली. मी विचारायची, "डबा खाल्लास का गं?" आणि ती म्हणायची, "हां मम्मा, पूरा खतम." घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर मुलींची एक छोटी खाजगी शाळा होती. तिथली चित्रकलेची बाई घाबरून दिल्लीला निघून गेली होती. माझी कोल्हापुरात ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेली होती. मी अर्ज घेऊन गेले.

मुख्याध्यापिका साठीच्या आसपासची सरदारनी होती. उंच, अंगावर पांढरी सलवार-कमीज, मनगटात लोखंडी कडं. नवरा फौजेत होता, लढाईत गेला होता. त्यानंतर तिने ही शाळा काढली. तिला सगळे 'बडी मॅडम' म्हणायचे. माझी सर्टिफिकिटं तिने उघडूनही बघितली नाहीत. विचारलं, "डर लगता है?"

मी म्हटलं, "लगता है."

"फिर काम क्यों करना है?"

"घर में बैठ के भी लगता ही है."

ती हसली. "कल से आ जाओ."

मला आठवी ते दहावीचे वर्ग मिळाले. तिन्ही मिळून नव्वदएक मुली. प्रत्येकीकडे बारा बाटल्यांचा पोस्टर कलरचा डबा होता आणि वर्षानुवर्षं त्या डब्यातले रंग जसेच्या तसे कागदावर फासत होत्या. आकाश म्हणजे निळ्या बाटलीतला निळा, झाड म्हणजे हिरव्या बाटलीतला हिरवा. पहिल्याच आठवड्यात मी सगळे डबे गोळा करून कपाटात कुलूपबंद केले आणि प्रत्येकीला चारच बाटल्या परत दिल्या. लाल, पिवळी, निळी आणि पांढरी.

वर्गात बंड झालं. मागच्या बाकावरची सगळ्यांत उंच मुलगी उभी राहिली. तिचा बाप ट्रक चालवायचा आणि तिची जीभही ट्रकसारखीच भरधाव होती.

"मैम, ऑरेंज तो डिब्बे में था! बनाना क्यों?"

"वो दुकानवाले का ऑरेंज था," मी म्हटलं. "तुम्हारा कौनसा है?"

"ऑरेंज भी तेरा-मेरा होता है क्या?" सगळा वर्ग हसला.

"करके देखो."

मी त्यांना एवढंच सांगितलं की लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. ते कशातूनही तयार होत नाहीत, बाकीचे यांच्यातून होतात. लाल आणि पिवळा मिळून नारिंगी. पण किती लाल आणि किती पिवळा, ते मी सांगणार नाही. हवं तर पांढरा घाला, अगदी सुईच्या टोकाएवढा निळा घाला. काडेपेटीएवढ्या कागदावर लावा आणि मागे आपलं नाव लिहा.

तास संपता संपता मी चित्रकलेच्या वर्गात दोरी बांधली आणि सगळ्यांचे तुकडे चिमट्यांनी वाळत घातले. एकासारखा दुसरा नव्हता. एक टोक जवळजवळ हळदीचं, दुसरं टोक विटेचं, आणि मधे जे काही होतं त्याला मुली नावं द्यायला लागल्या. गाजरी, संतरी, जोगिया, बसंती. मी माझी नावं सांगितली. अबोली, शेंदरी, सोनसळी, विटकरी. 'अबोली' हा शब्द त्यांना फार आवडला. अबोला धरलेला रंग, असं मी उगाचच सांगितलं, तर त्यानंतर कुणी रुसलं की 'आज ये अबोली है' म्हणायला लागल्या. उंच मुलीचा तुकडा सगळ्यांत गडद होता. तिने मुद्दाम निळा घातला होता. "मैम, मेरावाला गुस्से में है," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात रंगचक्र काढलं. नारिंगीच्या बरोबर समोर निळा येतो. शेजारी ठेवले तर दोघं एकमेकांना ओरडायला लावतात. एकत्र कालवले तर दोघंही मरतात आणि तपकिरी चिखल उरतो. मुलींना हे पटेना, म्हणून मी त्यांच्या शाळेच्या गडद निळ्या स्कर्टवर एकेक नारिंगी तुकडा ठेवून दाखवला. तोच तुकडा पांढऱ्या वहीवर निवांत होता, निळ्यावर पेटला. एका मुलीचे वडील हायकोर्टात कारकून होते. ती म्हणाली, "पापा के ऑफिस के आगे बड़े-बड़े खंभे हैं, हरा, पीला, लाल. दूर से ही दिखते हैं." मी म्हटलं, मागे सगळं राखाडी काँक्रीट आहे म्हणून. कुठलाही रंग एकटा नसतो, तो शेजाऱ्यावर ठरतो. तिथे मुलींना घेऊन जावं असं फार वाटलं, पण त्या भागात तेव्हा इतका पहारा होता की सहल वगैरे शक्यच नव्हतं.

जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, पत्र आलं.

टपालाने नाही. सकाळी फाटकाच्या कडीत खोचलेलं मिळालं. पंजाबीत होतं. बड्या मॅडमनी सगळ्या शिक्षिकांना आपल्या खोलीत बोलावलं आणि स्वतः वाचून दाखवलं. मोठ्या मुलींनी स्कर्ट घालायचा नाही. सलवार-कमीज घालायची आणि डोक्यावर केशरी दुपट्टा घ्यायचा. मुदत पंधरा दिवस. नाही ऐकलं तर जे होईल त्याला शाळा जबाबदार. खाली कुठल्याशा संघटनेचा शिक्का. चहा आला होता, तो कुणी घेतला नाही. त्या वर्षी अशी पत्रं इतर शाळांनाही आली होती आणि दोन शाळांतल्या मुली केशरी दुपट्टे घेऊन जातानाही मी पाहिल्या होत्या. कुणाला दोष देणार? ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं काय झालं हे आम्ही पेपरात वाचतच होतो.

गणिताची टीचर म्हणाली, "मॅडम, दुपट्टाच तर आहे. घेऊ दे मुलींना."

"दुपट्टाच तर आहे," बडी मॅडम म्हणाली. मग बराच वेळ तिने पत्राची घडी घातली आणि उलगडली. "माझ्या आईने मला लग्नात केशरी दुपट्टा दिला होता. गुरुद्वाऱ्यात जाताना मी तोच घेते. तो रंग माझा आहे. माझ्या आजीचा आहे. मला तो घ्यायला लावण्यासाठी आजवर कुणाला चिठ्ठी पाठवावी लागली नाही." तिचा आवाज चढला नाही, पण कडं टेबलावर आपटलं. "पण मुली दुसऱ्यांच्या आहेत. त्यांच्या जिवावर मी माझी अकड दाखवणार नाही. सलवार-दुपट्टा होईल."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ड्रॉइंग मॅम, तुम्हीच बघा. नव्वद दुपट्टे केशरी रंगवून घ्यायचे आहेत."

मी खरोखर कामाचा प्रश्न म्हणून विचारलं. कापड आणायला सांगितलं तर सुती की रेशमी विचारावं तसं.

"कौनसा केसरी, मॅडम?"

तिने चष्मा काढला. "क्या मतलब, कौनसा?"

मला ते हिंदीत नीट सांगता येईना. मी उठून वर्गात गेले, दोरीवरचे सगळे तुकडे काढून आणले आणि तिच्या टेबलावर पसरले. ती एकेक उचलून बघत राहिली. हळदी तुकड्यापासून विटकरी तुकड्यापर्यंत. मग तिने पत्र पुन्हा उघडलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"इसमें तो सिर्फ केसरी लिखा है," ती म्हणाली.

गणिताच्या टीचरने कपाळाला हात लावला. ते बड्या मॅडमच्या आणि माझ्या मनात एकदमच आलं होतं, आणि बाकीच्यांना ते आमच्या चेहऱ्यावर दिसलं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "तुला वेड लागलंय का? ही आपली भांडणं नाहीत. तीन वर्षांची पोस्टिंग आहे, निमूट काढायची आणि परत जायचं."

"मी भांडत नाहीये. ते केशरी म्हणाले, आपण केशरी देतोय."

"ते काय तुझे इंटरमिजिएटचे परीक्षक आहेत, छटा बघून मार्क द्यायला? चिडले तर गोळी घालतील."

"मला माहितेय."

"मग कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला त्याच्याइतकं सरळ मांडता येत नव्हतं. भगव्याशी माझं काही वैर नव्हतं. आमच्याकडे देवळाच्या कळसावर तोच, गुढीच्या साडीतही कितीदा तोच. बड्या मॅडमला तर तो जिवापाड प्रिय. पण मी सहा महिने नव्वद मुलींना शिकवलं होतं की तुझा रंग तू तयार कर. आता कुणीतरी येऊन सांगणार की सगळ्यांचा एकच, आणि तो आम्ही ठरवू. मग मी वर्गात उभी राहून रंगचक्र कुठल्या तोंडाने काढू? मी एवढंच म्हटलं, "हे मी केलं नाही तर मला शिकवता यायचं नाही." तो ताट सारून उठला. दोन दिवस आमच्यात अबोला होता, आणि तो अबोली रंगाचा मुळीच नव्हता.

चंदीगडमध्ये प्रत्येक बाजारात एखादा ललारी असायचा. ललारी म्हणजे दुपट्टे रंगवणारा. सेक्टर बावीसच्या बाजारात व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारा बसायचा. समोर शेगडीवर तांब्याचं पातेलं, बाजूला पत्र्याच्या डब्यांत भुकट्या, दोन्ही हात कोपरापर्यंत कुठल्याच एका रंगाचे नसलेले. बायका कमिजीचं कापड आणायच्या, तो त्याकडे एकदा बघायचा आणि पातेल्यात चिमूट चिमूट टाकत हुबेहूब तो रंग आणायचा. त्याच्या डब्यांत जेमतेम सहा-सात भुकट्या होत्या. मी जे शाळेत चार बाटल्यांत शिकवत होते ते तो चाळीस वर्षं करत होता.

मी दुपट्ट्यांचं गाठोडं ठेवून 'केसरी' म्हटलं तर तो वैतागला. "बीबी, दोन महिने झाले, शाळावाले येतात, तागेच्या तागे टाकतात, केसरी कर म्हणतात. आधी माझ्या पातेल्यात दिवसाला वीस रंग व्हायचे. आता पाणीसुद्धा बदलावं लागत नाही. हात विसरून जाईल माझा."

मी कागदाचे तुकडे त्याच्यासमोर मांडले. "ये सब केसरी हैं. हर दुपट्टा अलग. जिस लड़की का जो टुकड़ा, वही रंग."

तो वाकून बघत राहिला. एक तुकडा उन्हात धरला, एक सावलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "किसका दिमाग है ये?"

"हमारी मॅडम का. और थोड़ा मेरा."

"बाल-बच्चे हैं?"

"एक बेटी."

त्याने मान हलवली आणि पहिला दुपट्टा पाण्यात टाकला.

बारा दिवस मी शाळा सुटली की त्याच्याकडे जायची. लेकही बरोबर असायची. तिला तो रिकामे डबे खेळायला द्यायचा. त्याच्याकडून मी जे शिकले ते कोल्हापूरच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. ओलं कापड नेहमी दोन पायऱ्या गडद दिसतं, म्हणून तो कोपरा शेगडीवर फडफडवून वाळवायचा आणि मगच जुळवायचा. दिव्याखाली केशरी कधीच जुळवायचा नाही, कारण बल्बचा पिवळा त्यात घुसतो. उन्हं कलली की तो केशरीचं काम बंद करायचा. डोळे थकले की हिरव्या पानाकडे बघायचा, "आँख धुल जाती है" म्हणायचा. लाल-केशरी बघून थकलेल्या डोळ्यांना हिरवा-निळा हवा असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मुदतीच्या दिवशी सकाळी धुकं उतरलं होतं. मैदानात आठवी, नववी, दहावीच्या रांगा लागल्या. निळी कमीज, पांढरी सलवार आणि डोक्यावर नव्वद केशरी. पिकलेल्या आंब्यासारखा एक, गाजरासारखा एक, गेरूसारखा, शेंदरासारखा, दुधात केशर पडल्यासारखा फिकट. निळ्यावर सगळे पेटले होते. एका रंगाचा पडदा असता तर डोळ्यांत भरला असता. हे असं होतं की प्रत्येक चेहरा वेगळा दिसत होता. बडी मॅडम पायऱ्यांवर उभी होती. तिने स्वतः आईचा दुपट्टा घेतला होता. प्रार्थना झाल्यावर तिने मुलींना एवढंच सांगितलं, "कोणी विचारलं तर सांगा, केसरी आहे. खोटं नाही ते."

पाचव्या दिवशी दोघं आले. प्रार्थनेच्या वेळीच, स्कूटरवरून. एक चाळिशीचा, राखाडी शाल गुंडाळलेला. दुसरा विशीचा, दाढी अजून विरळ. फाटकावरच्या चौकीदाराने त्यांना अडवलं नाही; मी त्याच्या जागी असते तर मीही अडवलं नसतं.

मोठा बड्या मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. बोलणं अगदी अदबीचं. "मॅडमजी, आम्ही केसरी म्हटलं होतं."

"मग हे काय आहे?"

"हे सात-आठ रंग आहेत."

"नव्वद आहेत," मी म्हणाले. का म्हणाले मला माहीत नाही. मोजायची सवय, दुसरं काय. त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

"ये कौन है?"

"ड्रॉइंग टीचर," बडी मॅडम म्हणाली. "महाराष्ट्रातून आली आहे. तुमच्यामुळे आमची आधीची पळून गेली." मग तिने रांगांकडे हात केला. "ज्या मुलीचा दुपट्टा केसरी नाही ती दाखवा. मी तिला आत्ता घरी पाठवते."

मोठ्याने तरुणाला मान हलवून खूण केली. तो रांगेतून चालत गेला आणि उंच मुलीसमोर थांबला. तिचा विटकरी होता. "ये भूरा है."

"नहीं वीरजी, केसरी है," ती थोरल्या भावाला सांगावं तसं म्हणाली. "बस एक बूँद नीला डाला है." तिचा आवाज स्वच्छ होता.

मी तिच्याजवळ गेले. माझी तोडकीमोडकी हिंदी होती, पंजाबी तर तीही नाही. रांगेतली गाजरी दुपट्ट्याची एक मुलगी पुढे घेतली. "ये केसरी है?"

"है," तो म्हणाला.

तिच्याशेजारी त्याहून किंचित गडद असलेली. "ये?"

"ये भी."

"ये?"

"हां."

अशा मी आठ मुली उभ्या केल्या. प्रत्येक मुलीचा दुपट्टा आधीच्या मुलीपेक्षा नखभर गडद. शेवटी उंच मुलगी. ती आठव्या मुलीशेजारी उभी राहिली आणि त्याने दोघींकडे पाहिलं, परत पाहिलं. मला तेव्हा दिसलं की तो माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठा होता आणि त्याला खरंच प्रश्न पडला होता. "इन्हां विच फ़रक कित्थों शुरू होंदा ए?" तो स्वतःशीच बोलला. यांच्यात फरक सुरू होतो कुठे?

"खेल मत करो," मोठा म्हणाला. त्याचा हात शालीखाली गेला. तिथे काय होतं ते मी बघितलं नाही. "सोमवारी सगळे एकाच रंगाचे पाहिजेत."

बडी मॅडम एक पायरी खाली उतरली. "मग तसं लिहून पाठवा. कुठला, त्याचा नमुना लावून पाठवा. आणि खाली शिक्का नको, सही करा. मीही आईचा दुपट्टा बघून घेईन, तुमच्या नमुन्यात बसतो का."

तो तिच्या डोक्यावरच्या दुपट्ट्याकडे बघत राहिला. जुना, धुवून धुवून विटलेला, जवळजवळ बदामी झालेला केशरी. मग तो वळला. स्कूटर सुरू व्हायला तीन-चार किका लागल्या.

ते गेल्यावर बडी मॅडम पायरीवरच बसली. "पाणी," ती म्हणाली. ग्लास तिने एका दमात संपवला. "मुलींना वर्गात घेऊन जा. आज गणित पहिलं घ्या, त्यांना घाबरायला दुसरं काहीतरी द्या." गणिताची टीचर रडता रडता हसली.

शनिवारी तिने पालकांना बोलावून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ज्यांना मुलगी घरी ठेवायची असेल त्यांनी ठेवा, पटावरून नाव काढणार नाही म्हणाली. सोमवारी एकसष्ट मुली आल्या. मी मोजल्या. सगळ्या आपापल्या रंगात. उंच मुलीचा बाप फाटकासमोर ट्रक आडवा लावून दिवसभर टपावर बसून होता. आणखी चार-पाच वडील खुर्च्या टाकून बसले. नवऱ्याने त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. मला न सांगता रस्त्यापलीकडे स्कूटर लावून उभा राहिला. मी त्याला खिडकीतून पाहिलं आणि दिसलंच नाही असं केलं.

कुणी आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्यानंतरही नाही. नमुनाही आला नाही. कुणी म्हणायचं, ते दोघं चकमकीत मेले; कुणी म्हणायचं, ते नुसते भुरटे होते, संघटना वगैरे काही नव्हती. मला कधीच कळलं नाही. दोन मुलींना पालकांनी कायमचं काढलं. चौकीदाराने नोकरी सोडली.

किंमत दिली ती ललारीने. महिन्याभराने कुणीतरी त्याचं उकळतं पातेलं लाथेने उडवलं आणि सगळ्या भुकट्या गटारात ओतल्या. त्याचा पाय भाजला. मी धावत गेले तर तो पायाला फडकं बांधून रिकाम्या शेगडीसमोर बसलेला.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तुझ्यामुळे?" तो भडकला. "बीबी, मी फाळणीत लायलपूरहून आलो तेव्हा तू जन्मली नव्हतीस. तिथेही माझं पातेलं असंच उलटवलं होतं. तेव्हाही कुणालातरी सगळं एकाच रंगाचं पाहिजे होतं, रंग तेवढा वेगळा होता. मी तेव्हा दुकान हलवलं. आता या वयात नाही हलवणार."

पंधरा दिवसांनी तो परत बसला, त्याच जागी. पण बायका येईनात. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला उभ्या राहून बघायच्या आणि निघून जायच्या. त्या रविवारी दुपारी मी घरातलं सगळं पांढरं काढलं, ओढण्या, परकर, उशीचे अभ्रे, आणि त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले. निघताना नवरा म्हणाला होता, "मीही येतो." तो हातातला पेपर उघडून खांबाला टेकून उभा राहिला. एक पान त्याने तासभर वाचलं.

"कौनसा रंग?" ललारीने विचारलं.

"जो आपका जी चाहे."

त्याने परकर मोरपंखी केला. मग एक ओढणी प्याजी, कांद्याच्या सालीसारखी गुलाबी, आणि एक मूंगिया, मुगासारखी हिरवी. अभ्र्यांवर तो जे काही करत होता त्याला नावच नव्हतं. दोरीवर ते फडफडायला लागले तेव्हा पलीकडून एक बाई आली. हातात गुंडाळलेलं जांभळं कापड. "भाईजी, इसके साथ का दुपट्टा चाहिए," ती म्हणाली, आणि बसायला जागा शोधू लागली. मी सरकले. संध्याकाळपर्यंत अकरा जणी आल्या.

स्कर्ट मात्र गेले ते गेलेच. ते परत आणायचा विषय आमच्यापैकी कुणी काढला नाही. जे वाचवता आलं ते वाचवलं आणि उरलेल्याबद्दल गप्प बसलो, हे मला आजही खुपतं. मुली सायकलवरून येताना सलवारीचा काठ चेनमध्ये अडकायचा आणि त्या शिव्या द्यायच्या, तेव्हा ते जास्तच खुपायचं.

मार्चमध्ये नवऱ्याच्या ऑफिसात कागद फिरला की ज्यांचं कुटुंब बरोबर आहे त्यांना मुदतीआधी बदली मागता येईल. त्याने फॉर्म आणून टेबलावर ठेवला. तीन दिवस तो तिथेच पडून होता. आम्ही त्याच्या बाजूला ताटं मांडून जेवत होतो. चौथ्या दिवशी मी विचारलं, "भरणार आहेस का?"

"तुझी सही लागत नाही त्यावर," तो म्हणाला.

"मग इतके दिवस ठेवलास कशाला?"

"तुला विचारायला."

"मग विचार."

त्याने फॉर्म उचलला, पालथा केला, पेन माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या वर्षी आठवीला काय शिकवणार आहेस?"

"उष्ण आणि शीत रंग," मी म्हटलं आणि त्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक आखायला घेतलं. आम्ही तीन वर्षं पुरी केली, आणि वर आणखी एक मागून घेतलं.